दुसरं पीस

१

कपिल फाटकाशी उभा होता आणि आत ये म्हटलं तरी येत नव्हता. त्याच्या पायाला तळ्याचा चिखल तसाच होता. जयानं पुन्हा बोलावलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, सरांचा पक्षी सापडला. पण तो सरांचा पक्षी नाही."

चैत्राची सकाळ होती. कुठूनतरी मोहाचा गोडसर वास येत होता आणि घाटंजीचा तो शांत रस्ता कुणीतरी दुधात भिजवून वाळत घातल्यासारखा पांढुरका दिसत होता. वडील गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला आणलेल्या खुर्च्यांपैकी एक मंडपवाला विसरून गेला होता. ती अजून अंगणातच होती. कपिल शेवटी तिच्यावर टेकला.

जयाचे वडील, देवराव खोब्रागडे, यवतमाळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि घाटंजीला येऊन राहिले. गावाबाहेरच्या तळ्यावर ते रीतसर परवानगी घेऊन बारीक जाळी लावत, पक्षी धरत, त्याच्या पायात नंबर कोरलेली ॲल्युमिनियमची रिंग घालत आणि त्याला सोडून देत. कपिल त्यांचा विद्यार्थी. आता तो त्याच विषयाचा प्राध्यापक होता आणि पक्षिमित्र मंडळाचा सचिवही.

गेल्या मार्गशीर्षात त्या तळ्यावर देवरावांना एक वटवट्या मिळाला. बोटाएवढा, मातकट, नाव घेण्यासारखं काहीच नसलेला. असे बोरू वटवटे थंडीत उत्तरेकडून येतात आणि तळ्याकाठच्या बेशरमीच्या झुडपांत लपून कटकट करत असतात. पण हा तो साधा नव्हे, असं देवरावांनी जाहीर केलं. हा मोठ्या चोचीचा, जगात फार थोड्यांनी पाहिलेला. मंडळाच्या अंकात त्याच्या उघड्या पंखाचा फोटो छापून आला. काही आठवड्यांनी देवरावांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि जया पोहोचायच्या आतच ते गेले. तळ्याच्या बांधावर आता त्यांच्या नावाची पाटी लागणार होती: या पक्ष्याची जिल्ह्यातली पहिली नोंद इथे झाली.

"आज जाळीत एक वटवट्या आला," कपिल म्हणाला. "पायात रिंग होती. नंबर वाचला आणि मला घामच फुटला. तोच नंबर."

त्यानं मोबाइल पुढे केला. एका बाजूला अंकातला फोटो, दुसऱ्या बाजूला आजचा.

"मला दोन्ही सारखेच दिसतात," जया म्हणाली.

"सगळ्यांनाच दिसतात. फरक पंखात असतो. बाहेरून मोजायचं. पहिलं पीस अगदीच इवलं, ते सोडून द्या. दुसरं पाहा. साध्या पक्ष्यात ते लांब असतं, सहाव्या-सातव्याच्या टोकापर्यंत येतं. दुर्मिळ पक्ष्यात ते आखूड, त्यामुळे पंख गोलसर दिसतो. सरांच्या फोटोत बघा किती आखूड आहे. आणि आजच्यात?"

आजच्यात ते लांब होतं. आता सांगितल्यावर तिलाही दिसलं.

"बाकी?"

"बाकी सगळं जुळतं. चोच तेवढीच. शेपूट तेवढीच. दोन्हींत ती नेहमीच्या वटवट्यापेक्षा जरा लांब आहे, पण साध्यातही अशी निघते एखादी. फरक फक्त दुसऱ्या पिसाचा. पण तेवढ्यावरच तर जात ठरली होती."

"म्हणजे कुणीतरी रिंग काढून दुसऱ्या पक्ष्याला घातली."

"असेल," कपिल म्हणाला, आणि चिखल वाळलेल्या पायाकडे पाहू लागला. पुढचं वाक्य तो बोलणार नव्हता. ते जयानंच पुरं केलं.

"नाहीतर बाबांनी रिंग एका पक्ष्याला घातली आणि फोटो दुसऱ्याचा छापला."

"अंक छापायला जायचा आहे, ताई. त्याआधी मला काहीतरी लिहावं लागेल."

"मला थोडा वेळ दे." मग तिला काहीतरी आठवलं. "तुम्ही लोक फाल्गुनातच जाळी गुंडाळता ना? चैत्रात कशी लावलीस?"

"लावली अशीच," कपिल म्हणाला आणि उठला.

२

जया नागपूरला ग्रंथपाल होती. पुस्तकं तिनं पुष्कळ वाचली होती, पण वडिलांचं जग तिनं लांबून ऐकलेलं. रविवारी फोनवर ते पक्ष्यांबद्दल सांगत आणि ती हं-हं करत दुसरं काहीतरी आवरत असे. आता ते हं-हं तिच्या कानात कुणी दुसऱ्यानं म्हटल्यासारखं वाजत होतं.

तळ्याला लागून नानाजींचं शेत होतं. तूर निघून गेली होती, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधाला रचल्या होत्या. जाळीचे बांबू, रिंगांचा डबा, पक्कड, सगळं नानाजींच्या शेतातल्या खोपडीत राही. देवरावांचा हा जुना मित्र पक्ष्यांच्या वाटेला कधी गेला नव्हता, पण जाळीच्या एकाही सकाळी गैरहजर नव्हता.

"ये पोरी. बस त्या बाजेवर. तुहा बाप इथंच बसे."

"काका, त्या दिवशी कोण-कोण होतं तळ्यावर?"

"तुहा बाप, मी, दिग्रसचा विक्की फोटोवाला, अन् यवतमाळच्या कोकिळा मॅडम. कपिल नोता, त्याची परीक्षेची ड्युटी होती. मी तं चहा मांडून होतो तिकडं. मले ईचारशील तं मले साऱ्या चिमण्याच."

"रिंग काढून दुसऱ्या पक्ष्याला घालता येते?"

"काढून तं पाह्य."

त्यांनी पऱ्हाट्यांजवळून एक तुराटी उचलली, तिचं बारीक टोक मोडलं आणि तिच्यासमोर धरलं. "हा घे पाय. पक्ष्याचा पाय याहून नाजूक, पण चालते."

जयानं डब्यातून एक रिंग घेतली, पकडीनं तुराटीभोवती दाबली. ती अलगद मिटली, जोडाची रेघसुद्धा दिसेना. मग तिनं ती उघडायचा प्रयत्न केला. पक्कड घसरली. पुन्हा लावली. रिंग उघडली, पण वाकडी होऊन. परत मिटवली तेव्हा दोन्ही कडा एकमेकींवर चढल्या, आणि पृष्ठभागावर पकडीचे ओरखडे उन्हात चमकू लागले.

"तुहा पक्षी तं लंगडा झाला," नानाजी म्हणाले.

जयानं कपिलनं पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. त्या पायातली रिंग गुळगुळीत होती. कडा जिथल्या तिथे मिटलेल्या. एकदाच मिटलेल्या.

"ही रिंग कुणी उघडलेली नाही," ती म्हणाली.

"मंग बरं झालं."

"बरं कसं, काका? रिंग बदलली नाही, तर मग फोटो बदलला. फोटो बाबांनी दिला होता."

तळ्यावरून एक टिटवी ओरडत गेली आणि तिचा आवाज पाण्यावर बराच वेळ तरंगत राहिल्यासारखा वाटला.

"बाबांनी रिंग लावताना तुम्ही पाहिलं?"

"रिंग तं लागली बाप्पा. लावली कोणी, ते कायले पाह्यजे तुले?"

"म्हणजे बाबांनी नाही लावली?"

"मी चहा मांडून होतो म्हणून सांगतलं ना," नानाजी म्हणाले, आणि तुराटीचे बारीक-बारीक तुकडे करत बसले.

३

दिग्रसला जिनिंगचा हंगाम सरत आला होता, तरी विजेच्या तारांना, झाडांना, पत्र्यांच्या कडांना कापसाचे तंतू लोंबत होते. वारा आला की सगळा रस्ता हलकेच श्वास घेतल्यासारखा हले. विक्कीचा स्टुडिओ त्या रस्त्यावर होता. तो कॉम्प्युटरवर एका नवरीच्या मागे काश्मीरचे डोंगर बसवत होता.

"बसा ताई. या बाईले पहाड पाह्यजे म्हणे. नवरदेव आर्णीचा, अन् पहाड काश्मीरचा." जयाचा चेहरा पाहून त्यानं माऊस सोडला. "सरायचं ऐकलं. मी आलतो कार्यक्रमाले. मागं उभा होतो."

"विक्की, अंकात आलेला फोटो तू काढलेला जसाच्या तसा आहे का?"

"नाई. कापला आहे."

इतकं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं खुर्ची जवळ ओढली.

"कुणी सांगितलं कापायला?"

विक्कीनं मानेमागे हात नेला. "सरायनंच."

बाहेरून मोटारसायकल गेली. काचेच्या दाराला चिकटलेला कापसाचा एक पुंजका सुटला आणि जिन्यावर उतरला.

"काय म्हणाले, नीट आठवून सांग."

"म्हणे, विक्की, पंख ठेव अन् हात काढून टाक. मी म्हटलं सर, हात राहू द्या, त्यानं साइज समजते. तं म्हणे, मी सांगून राह्यलो ना. सर कधी आवाज चढवत नोते. त्या दिवशी चढवला."

"मूळ फोटो कुठे आहे?"

"कॅमेऱ्याचं ते कार्ड लग्नात फिरलं, ताई. दहा लग्नं झाली त्याच्यावर." त्याला स्वतःचीच लाज वाटलेली दिसली. "मले का मालूम, असं होईल. पण कापायच्या आधी एक मोठी प्रिंट काढली होती. पूर्ण. सर घेऊन गेले."

घरात तशी प्रिंट नव्हती. जयानं वडिलांचं कपाट नुकतंच लावलं होतं.

"आणि पंख? बाबांनी स्वतः पाहिला?"

"पाह्यला ना. माह्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर. मोठा करकरून. पक्षी थंडीनं काकडून राह्यलता, म्हणून लवकर सोडून दिला. मंग सर एकदम बांधावर बसूनच गेले. डोये भरले त्याईचे. म्हणे, इतकी वर्षं, विक्की."

वडिलांचे भरलेले डोळे जयाला समोर आणता येईनात. तिच्या आठवणीत ते नेहमी कशाकडे तरी लक्ष देऊन पाहत असत, डोळे कोरडे आणि बारीक.

"तो हात बाबांचा होता?" तिनं विचारलं.

"नाई," विक्की म्हणाला. "अन् प्रिंट नेताना म्हणे, जिचा हात आहे तिले देतो."

४

कोकिळा मॅडम कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. लग्न केलं नाही. यवतमाळात एकट्या राहत. जयाला त्या आठवत त्या समारंभात कडेच्या खुर्चीवर बसलेल्या. पुण्यानुमोदनालाही त्या तशाच कडेला बसल्या होत्या आणि कुणाशी न बोलता उठून गेल्या होत्या.

दिग्रसहून परतणाऱ्या बसनं जया यवतमाळला उतरली तेव्हा दुपार कलली होती. दार उघडंच होतं. खोलीभर जुन्या वर्तमानपत्रांत दाबलेली पानं होती आणि त्यांच्या सुकण्याचा मंद, चहासारखा वास.

"ये," मॅडम म्हणाल्या. "मला वाटलंच, तू येशील. कपिलनं पक्ष्याचं सांगितलं."

प्रिंट लपवलेली नव्हती. पुस्तकांच्या फळीवर टेकून ठेवली होती.

जया तिच्यासमोर उभी राहिली. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन, मागे धूसर तळं. मधे एक बाईचा हात. त्या हातात इवलासा पक्षी, आणि त्याचा पंख उघडा, पंख्यासारखा. पिसांची टोकं एकेक मोजता येत होती. पण जिथून पिसं निघत होती तिथे अंगठा आडवा दाबून धरलेला होता.

"मी धरलाय," मॅडम म्हणाल्या. "पक्षी मी जन्मात धरला नव्हता. देवराव शेजारून सांगत होते, असं धर, तसं धर. पण मी पानं धरणारी. पान देठाशी धरतात, म्हणजे पातं मोकळं राहतं. पंखही मी तसाच धरला."

"बाबांनी का नाही धरला?"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "तुला खरंच ठाऊक नाही?"

"काय?"

"त्यांचे हात थरथरायचे, जया. दिवाळीनंतर फारच. चहा अर्धा कपच ओता म्हणायचे. रिंगसुद्धा त्या दिवशी मीच लावली, ते पक्कड धरू शकत नव्हते. पक्ष्याचा पाय मोडेल म्हणून स्वतः हातच लावेनात."

जया खाली बसली. गेल्या हिवाळ्यात व्हिडिओ कॉलवर ते नेहमी शाल पांघरून असत, हात आत. नागपुरात तितकी थंडी नव्हती. घाटंजीला असेल, असं ती स्वतःलाच सांगत असे.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू नोकरी सोडून आली असतीस, हे त्यांचं म्हणणं. मी भांडले त्यावरून. ऐकले नाहीत."

"म्हणून हात कापला फोटोतून?"

"तू अंक वाचणार, हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्याच्या हातातला पक्षी पाहिला की तू विचारलं असतंस, बाबा, तुमचा हात कुठे आहे." त्यांनी प्रिंटकडे पाहिलं. "आणि माझंही काही असेल त्यात. गाव लहान असतं."

म्हणजे वडिलांनी लपवला तो हात होता. पंख नव्हे. जयाला एकदम मोकळं वाटलं, आणि लगेच पुन्हा अडखळल्यासारखं झालं. आखूड पीस तर समोर होतंच. या फोटोत पक्षी दुर्मिळ होता आणि कपिलच्या हातात साधा.

"मॅडम, त्या सकाळचं आणखी काही? अगदी फालतू वाटलं तरी."

मॅडमनी विचार केला. "पक्षी उडाल्यावर माझ्या अंगठ्याला पांढरा कोंडा लागला होता. लसणाची साल चोळल्यावर राहतो तसा. तेव्हा मी पुसून टाकला. पुढे दवाखान्यात त्यांना हसवावं म्हणून सांगितलं, तुमच्या त्या राजेशाही पाहुण्याला कोंडा झाला होता हो. पण ते हसले नाहीत. भिंतीकडे पाहत राहिले बराच वेळ. मग म्हणाले, कपिलला फोन लावून दे."

"कपिलला?"

"हो. मी लावून दिला आणि बाहेर गेले. काय बोलले, ते त्यालाच ठाऊक."

कपिलनं या फोनबद्दल एक अक्षरही काढलं नव्हतं.

५

कपिल दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर बांबू उपटत होता. पाणी आटत चाललं होतं आणि काठाला भेगाळलेल्या गाळावर बगळ्यांचे पाय उमटले होते. बेशरमीची फुलं कुणीतरी झोपेत रंगवल्यासारखी फिकट जांभळी दिसत होती. आत कुठेतरी एक वटवट्या कटकटत होता, दिसत मात्र नव्हता.

"बाबांनी दवाखान्यातून तुला फोन केला होता," जया म्हणाली.

कपिलनं बांबू खाली ठेवला. "केला होता."

"मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू, ताई? आवाज तुटत होता. म्हणाले, तो पक्षी पुन्हा धर. पंख उघड आणि मुळाशी फुंकर घाल. तेवढंच दोनदा म्हणाले. मला वाटलं औषधाचा अंमल असेल. हो सर म्हटलं आणि काही केलं नाही. ते गेल्यावर राहवेना, म्हणून चैत्रात जाळी लावली. आणि पक्षी साधा निघाला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तेव्हा वाटलं, सरांना हे आधीच माहीत होतं. मरताना मन खात असेल. तो फोन मी कुणाला सांगितला असता तर लोक म्हणाले असते, बघा, कबूल केलं."

"फुंकर कशाला घालतात?"

"पिसांची मुळं दिसायला. सर आम्हाला पहिल्या दिवशी तेच शिकवायचे."

जयानं पिशवीतून प्रिंट काढली आणि बांधावर ठेवली. शेजारी वडिलांचं भिंग ठेवलं.

"हा पूर्ण फोटो. मुळं दिसतात का सांग."

"नाही. अंगठा आहे वर. कुणी धरलाय असा? असं कुणी धरत नाही."

"वनस्पतिशास्त्राच्या बाई धरतात. आता नखाच्या कडेला बघ."

कपिल गुडघ्यावर बसला. नखाच्या कडेतून, दुसऱ्या पिसाच्या खाली, पांढुरकी काडीसारखी एक रेघ डोकावत होती. तांदळाच्या दाण्याइतकीही नसेल. तो पाहत राहिला.

"मला पक्ष्यांतलं कळत नाही," जया म्हणाली, "म्हणून विचारते. नवीन पीस येतं ते कसं येतं?"

"नळीतून. मेणचट पांढरी नळी असते, पीस तिच्यातून बाहेर सरकत वाढतं, आणि नळी सुकून..." तो थांबला.

"सुकून?"

"कोंड्यासारखी झडते."

"मॅडमच्या अंगठ्याला लागली होती. हे पक्षी पिसं कधी बदलतात?"

"इथे आल्यावर. थंडीत. आतल्या पिसापासून सुरू होतं, एकेक करत बाहेर जातं." कपिलचा आवाज हळू झाला. "सगळ्यात बाहेरची शेवटी वाढतात."

"म्हणजे मार्गशीर्षात बाकीची पुरी झाली होती आणि दुसरं अजून वाढत होतं. ते आखूड नव्हतं, कपिल. अर्धवट होतं. रिंग मी उघडून पाहिली आहे, उघडली की ओरखडे पडतात. या रिंगेवर एकही नाही. चोच तीच, शेपूट तीच, असं तूच म्हणालास. दोन पक्षी असते तर कुठेतरी केसभर फरक पडला असता. पक्षी एकच आहे. मधल्या दिवसांत फक्त दुसरं पीस वाढलं."

तळ्यावर वारा आला. प्रिंटची कड उचलली गेली आणि कपिलनं ती बोटानं दाबून धरली.

"सरांनी स्वतः धरला असता," तो म्हणाला, "तर फुंकर घातल्याशिवाय सोडला नसता."

"धरता येत नव्हता. आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून स्क्रीनवर टोकं मोजली, आणि इतकी वर्षं जे पाहायचं होतं ते दिसलं. पण कोंड्याचं ऐकलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्याच मिनिटाला तुला फोन केला."

कपिलनं प्रिंटवर भिंग ठेवून दिलं. मग म्हणाला, "ताई, हे आपल्या दोघांनाच माहीत आहे. मी लिहितो, रिंगेत कुणीतरी ढवळाढवळ केली असावी, शोध लागला नाही. कुणाचं नाव नको. पाटी लागेल. पक्षी सरांच्या नावावर राहील."

जया तळ्याकडे पाहत राहिली. त्या पाटीवर वडिलांचं नाव कसं दिसेल हे तिनं मनात कितीदातरी पाहून ठेवलं होतं. निळ्यावर पांढरं. खाली तारीख.

"बाबांनी तुला पाटीचं काही सांगितलं होतं?"

"नाही."

"मग त्यांनी जे सांगितलं तेच पुरं करू. पक्षी साधा आहे, हे पहिल्या ओळीत लिही. चूक कुणाची, तेही. आणि ती त्यांनी स्वतः ओळखून तुला तपासायला सांगितलं, हे लिही."

"मग पाटी लागणार नाही."

"राहू दे."

"चूक कशी झाली ते दाखवायला हा पूर्ण फोटो छापावा लागेल," कपिल म्हणाला. "अंगठ्यासकट."

"त्याचं मी विचारून येते," जया म्हणाली.

६

कोकिळा मॅडमनी कपिलचा मजकूर दोनदा वाचला. एका ठिकाणी पेन्सिलनं खूण केली. "'दुर्दैवानं' कशाला? काढ म्हणावं. पिसं वाढतात, त्यात दुर्दैव काय आहे."

"सांगते."

"आणि हे 'एका सहकाऱ्याच्या हातात'?"

"ते तुमच्यावर आहे, मॅडम. नाव घालायचं की नाही. फोटो नको म्हणालात तर फोटोही नाही. मग कपिल शब्दांत लिहील, जमेल तेवढं."

मॅडमनी चष्मा काढला. खिडकीबाहेर कडुनिंबाला नवी पालवी आली होती आणि तिच्यातून गाळून येणारं ऊन खोलीत हिरवट दिसत होतं. शेजारच्या घरात कुणीतरी कुकर लावला होता.

"गावात बोलतील," त्या म्हणाल्या.

"बोलतील."

"तुला चालेल?"

उत्तराची वाट न पाहता मॅडमनी कागद पुढे ओढला, 'एका सहकाऱ्याच्या' खोडलं आणि वर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, कॉलेजात हजेरीवर लिहीत असतील तशा अक्षरात. मग प्रिंट हातात घेऊन लांब धरली.

"नखं तरी कापली असती," त्या म्हणाल्या.

जया हसली. घरी आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती आणि ते तिला स्वतःलाच ओळखू आलं नाही. मॅडम आत जाऊन पाणी घेऊन आल्या. खोलीत दाबलेल्या पानांचा वास होता, आणि कुणीतरी आतल्या खोलीत झोपलेलं असावं अशी शांतता.

काम संपलं होतं. बसची वेळही होत आली होती. जया उठली, दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली.

"मॅडम, त्यांचा हात कसा थरथरायचा? मी पाहिलाच नाही."

मॅडमनी उजवा हात मांडीवरून उचलला, मनगट सैल सोडलं. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर हळूहळू घासू लागली, जणू काहीतरी बारीकसं त्या दोन बोटांत मळलं जातंय. मग सगळा हात. वेगानं नव्हे. न थांबता.

"असा," त्या म्हणाल्या. "बोलताना जास्त. वाचताना कमी."

जया परत येऊन त्यांच्यासमोर खाली बसली. मॅडमनी हात थांबवला नाही, आणि तीही नजर न काढता पाहत राहिली.